पाटी आणि नोंदवही

सावेडीत प्रोफेसर कॉलनी चौकातून पाइपलाइन रोडकडे चक्कर मारली तर तीन-चार तऱ्हेचे 'थेरपिस्ट' पाट्यांवर भेटतात. कुणी हातापायांचे, कुणी मनाचे. पुण्याच्या मावशीनं फोनवर विचारलं, "यांना लायसन असतं का रे, डॉक्टरांसारखं?" उत्तर लांबलं, म्हणून इथे लिहितोय.

आपल्याकडे ही गोष्ट सुरू होते एका अमेरिकन बाईंपासून. एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकरांशी लग्न करून इकडे आल्या आणि कमला निंबकर झाल्या. (लेखिका जाई निंबकरांच्या या सासूबाई.) पुढे त्या अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी रीतसर शिकल्या आणि १९५० साली परळच्या केईएममध्ये त्यांनी तिचं स्कूल काढलं. भारतातलं पहिलंच! पोलिओ झालेल्या मुलाला चमचा धरायला शिकवायचं, अपघातात हात गेलेल्या कामगाराला पुन्हा कामावर उभं करायचं, असं हे शास्त्र. पाठोपाठ जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं तिथेच फिजिओथेरपीचं स्कूलही निघालं. १९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांची जागतिक संघटना झाली, तेव्हा स्थापना करणाऱ्या दहा देशांत आपण होतो.

म्हणजे शिक्षण होतं. पण नोंदणीसाठी महाराष्ट्रानं ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेचा कायदा केला तो २००२ चा. मधली बावन्न वर्षं काय?

आमच्या आत्याला नव्वदच्या दशकात अर्धांगवायू झाला. मालिश करायला एक गृहस्थ घरी यायचे, कार्डावर 'थेरपिस्ट'. लुळा हात धरून ओढायचा नसतो, खांदा निसटतो. शिकलेल्या माणसाला हे पहिल्या वर्षीच सांगतात म्हणे. या गृहस्थांनी रोज ओढला. आत्याचा खांदा शेवटपर्यंत दुखत राहिला. असो.

आता आपल्या विळद घाटातच फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, पदवी घेतलेली मुलं इथेच मिळतात.

मनाच्या बाबतीत घोळ जास्त. भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा कायदा १९९२ चा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला तिचा मान्य कोर्स (बरीच वर्षं तो दोन वर्षांचा एम.फिल. होता) आणि तिच्या रजिस्टरात नाव, दोन्ही लागतं. नोंदणीशिवाय काम केलं तर वर्षापर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! काही ठिकाणी एका बैठकीलाच तेवढे घेतात.

पण 'काउन्सेलर' हा शब्द त्या कायद्याच्या बाहेरच राहिला. आठवड्याच्या कोर्सवरही पाटी लागते. बाकीचे सायकॉलॉजिस्ट आणि काउन्सेलर नोंदणीच्या कक्षेत आले ते २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं. त्यात प्रत्येक राज्यानं परिषद नेमून नोंदवही ठेवायची आहे.

तेव्हा मावशी, आधी विचारायचं, "कुठल्या परिषदेचा नंबर?" आरसीआयचं रजिस्टर तर नेटवरही बघता येतं, नाव टाकून.