राणीखेत ऊर्फ मानमोडी : कोंबड्यांच्या एका साथीचा इतिहास

प्रस्तावना

साथीच्या रोगांचा इतिहास म्हटला की तुम्हाला प्लेग, देवी, पटकी आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा आठवतो. जनावरांच्या साथींबद्दल फार तर बुळकांडी हे नाव कानावर आलेले असते. कोंबड्यांच्या साथीला मात्र इतिहासाच्या पुस्तकात जागा मिळत नाही. तरीही जगभरच्या पशुवैद्यकीय ग्रंथांत भारतातल्या एका गावाचे नाव कायमचे नोंदले गेले आहे ते अशाच एका साथीमुळे. ते गाव म्हणजे कुमाऊँच्या डोंगरातले राणीखेत.

या टिपणात आपण तीन प्रश्न पाहणार आहोत. हा रोग वेगळा आहे हे कसे कळले? त्यावरची लस कशी तयार झाली? आणि लस हाती येऊन सत्तर-ऐंशी वर्षे लोटली तरी परसातल्या कोंबड्या अजून याच रोगाने का मरतात? तिसरा प्रश्न इतिहासाचा आहे, तितकाच अभियांत्रिकीचाही आहे. तुम्ही कोणत्याही शाखेचे असा, तो तुमच्यासाठी आहे.

रोग ओळखू या

सकाळी खुराडे उघडल्यावर एखादी कोंबडी पिसे फुलवून कोपऱ्यात बसलेली दिसते. चोच उघडी ठेवून, मान ताणून ती श्वास घेते. घशातून घरघर ऐकू येते, शिंका येतात, नाका-तोंडातून चिकट स्राव गळतो. हिरवट पातळ विष्ठा होते. अंडी एकदम कमी होतात किंवा मऊ कवचाची येतात. काही पक्ष्यांचे पाय-पंख लुळे पडतात आणि मान मुरगळून पाठीकडे वळते. लस न दिलेल्या कळपात तीव्र स्वरूपाचा विषाणू शिरला, तर काही दिवसांत जवळजवळ सगळा कळप संपू शकतो.

या मुरगळलेल्या मानेमुळे मराठीत रोगाला ‘मानमोडी’ म्हणतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझालाही महाराष्ट्रात लोक मानमोडीच म्हणत. माणसाच्या आणि कोंबडीच्या दोन वेगळ्या रोगांना लोकांनी एकच नाव दिले. लक्षणांवरून ठेवलेली नावे अशी एकमेकांत मिसळतात. विज्ञानाला नेमका हाच गुंता सोडवावा लागला.

१९२६ : एक रोग, अनेक पत्ते

१९२६ च्या सुमारास हा रोग जगात एकमेकांपासून फार दूर असलेल्या ठिकाणी नोंदला गेला. डच अमलाखालच्या जावा बेटावर क्रानेव्हेल्ड यांनी त्याचे वर्णन केले. त्याच वर्षी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील न्यूकॅसल-अपॉन-टाइन या बंदराच्या शहराजवळ कोंबड्या मरू लागल्या. तिथला अभ्यास डॉइल यांनी केला आणि १९२७ मध्ये प्रसिद्ध केला.

डॉइल यांच्यापुढचा पेच समजून घ्या. कोंबड्यांना झपाट्याने मारणारा ‘फाउल प्लेग’ हा विषाणूजन्य रोग युरोपात आधीपासून माहीत होता. लक्षणे बरीचशी सारखी. मग हा तोच रोग की निराळा? विषाणू डोळ्यांनी दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक अजून यायचा होता. डॉइल यांनी प्रतिकारशक्तीलाच साक्षीदार केले. एका रोगातून वाचलेली कोंबडी त्या रोगाला पुन्हा सहसा बळी पडत नाही. पण नव्या रोगातून वाचलेल्या कोंबडीला फाउल प्लेगपासून संरक्षण मिळत नाही, आणि उलटही नाही, असे प्रयोगात दिसले. म्हणजे रोग दोन आहेत. पुढे १९५५ मध्ये फाउल प्लेगचा विषाणू हा इन्फ्लुएंझा ‘ए’ गटातला असल्याचे सिद्ध झाले. त्यालाच आपण आज बर्ड फ्लू म्हणतो.

नव्या रोगाला लक्षणांवरून नाव दिले तर पुन्हा घोटाळा होईल, म्हणून डॉइल यांनी तात्पुरते म्हणून गावाचे नाव वापरले : ‘न्यूकॅसल रोग’. तात्पुरते नाव कायमचे झाले.

भारतात जे. टी. एडवर्ड्स यांनी मुक्तेश्वर येथील संस्थेच्या १९२७-२८ च्या अहवालात राणीखेतच्या कोंबड्यांतील एका नव्या रोगाची नोंद केली. इथेही गावाचे नाव रोगाला चिकटले. पुढे दोन्ही रोग एकच असल्याचे स्पष्ट झाले, पण भारतात ‘राणीखेत’ हेच नाव टिकले. रोगाला गावाचे नाव मिळाले म्हणजे रोग तिथे जन्मला असे मात्र नाही. तो तिथे ओळखला गेला, एवढाच त्याचा अर्थ. राणीखेत ही छावणी होती आणि मुक्तेश्वरची प्रयोगशाळा त्याच डोंगररांगांत होती. तपासणारे डोळे जवळ असतील तिथे रोग ‘सापडतो’. याच सुमारास जिथे असे डोळे नव्हते, तिथे किती खुराडी रिकामी झाली याची नोंद कुठल्या अहवालात असणार?

मुक्तेश्वर आणि अंड्यातली प्रयोगशाळा

मुक्तेश्वरच्या संस्थेचा उगम पुण्यातला. ९ डिसेंबर १८८९ रोजी इंपीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये सुरू झाली. पुढचे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय ते हेच. घातक जंतूंवर काम करायला वस्तीपासून दूर आणि थंड जागा हवी, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरला नेण्यात आली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. तिचे मुख्य काम गुरांच्या बुळकांडीवरचे होते. कोंबड्यांच्या नव्या रोगाची नोंद करणारे एडवर्ड्स बुळकांडीच्या लशीवरही काम करत होते. बुळकांडीचा विषाणू शेळ्यांत वारंवार वाढवून त्यांनी तो गुरांसाठी सौम्य केला.

राणीखेतच्या लशीसाठी हीच युक्ती कोंबडीच्या अंड्यात वापरली गेली. १९३१ मध्ये अमेरिकेत वुड्रफ आणि गुडपाश्चर यांनी फलित अंड्यातल्या गर्भावर विषाणू वाढवता येतो हे दाखवले होते. विषाणूला जिवंत पेशी लागतात. फलित अंडे म्हणजे कवचबंद, निर्जंतुक, स्वस्त आणि कुठेही मिळणारे पात्र. अय्यर आणि डॉब्सन यांनी १९४० मध्ये इंग्लंडमधला एक विषाणू एका अंड्यातून दुसऱ्यात असा सातत्याने वाढवत नेऊन सौम्य केला. पुढे हॅडो आणि इदनानी यांनी भारतातल्या विषाणूवर असेच काम करून १९४६ मध्ये ‘मुक्तेश्वर’ वाण प्रसिद्ध केला. आज पशुवैद्यकीय दवाखान्यात ‘आर-टू-बी’ या नावाने मिळणारी लस याच वाणाची.

हा वाण मध्यम ताकदीचा आहे. मोठ्या पक्ष्यांत तो चांगली प्रतिकारशक्ती देतो, पण लहान पिल्लांना झेपत नाही. म्हणून तो साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर टोचतात. पिल्लांसाठी अमेरिका आणि इंग्लंडमध्ये सापडलेले मुळातच सौम्य असलेले वाण उपयोगी पडले : हिचनर यांचा बी-वन, न्यू जर्सीतल्या एका शेतावरून आलेला लासोटा आणि अ‍ॅस्प्लिन यांचा एफ. त्यांचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकता येतो.

बुळकांडी गेली, राणीखेत का राहिली?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. त्यात भारतातल्या लसीकरणाचा मोठा वाटा होता. मग त्याच संस्थेतून आलेल्या राणीखेतच्या लशीला तसे यश का आले नाही?

पहिले कारण जीवशास्त्राचे. बुळकांडीची लस टोचलेले जनावर बहुधा आयुष्यभर सुरक्षित राहते. राणीखेतच्या लशीचे संरक्षण काही महिन्यांत उतरू लागते. शिवाय कोंबडीची पिढी फार झटपट बदलते. आज गावातल्या प्रत्येक पक्ष्याला लस दिली, तरी पुढच्या महिन्यात अंड्यांतून बाहेर पडणारी पिल्ले असुरक्षित असतात. त्यात कबुतरे आणि रानपक्षीही हा विषाणू वागवतात.

दुसरे कारण तंत्राचे. जिवंत लस साधारण २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि विरघळवल्यावर तास-दोन तासांत वापरावी लागते. बाटली शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते. हजारो पक्ष्यांच्या पोल्ट्रीला ती सोयीची. पण तुमच्या घरी दहाच कोंबड्या असतील तर? एकतर नव्वद मात्रा वाया, नाहीतर पहाटे कोंबड्या सुटण्याआधी दहा घरे एकत्र आणायची. लस प्रयोगशाळेत यशस्वी ठरली, पण तिची बाटली कोणासाठी आखली होती ते पाहा.

तिसरे कारण समाजाचे. बैल हा शेतीचा कणा होता. तो मेला की शेतसारा बुडे, म्हणून सरकारला त्याची चिंता होती. परसातल्या कोंबड्या बहुतेक ठिकाणी घरातल्या बाईच्या. मुलाची वही, मीठ-मिरची, अचानक आलेला पाहुणा हे सगळे त्या अंड्यांवर भागते. हे उत्पन्न हिशेबाच्या वहीत दिसत नाही, म्हणून त्याचे नुकसानही दिसत नाही. आणि हे क्षेत्र लहान मुळीच नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटींहून अधिक कोंबडीवर्गीय पक्षी होते आणि त्यातले सुमारे ३१.७ कोटी परसातले.

या अडचणीवर उत्तर शोधण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न ऑस्ट्रेलियात झाला. क्वीन्सलँडमध्ये १९६६ मध्ये व्ही-फोर हा निरुपद्रवी वाण सापडला होता. क्वीन्सलँड विद्यापीठाचे पीटर स्प्रॅडब्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात आग्नेय आशियात त्याचा उष्णतेला टिकणारा प्रकार गावठी कोंबड्यांवर वापरून पाहिला. पुढे आय-टू हा तसाच वाण तयार करून विकसनशील देशांना दिला गेला. मोझांबिक, टांझानिया अशा देशांत गावातल्याच माणसाने डोळ्यात एक थेंब टाकायचा आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा टाकायचा, अशी पद्धत रुजली. इथे क्रम उलटा होता. आधी गाव पाहिले, मग लस निवडली.

नवापूरचा धडा

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये कोंबड्या मोठ्या संख्येने मेल्या. अनेकांनी सुरुवातीला ही राणीखेतच मानली. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेच्या तपासणीत तो एच-फाइव्ह-एन-वन बर्ड फ्लू ठरला. भारतातला तो पहिला उद्रेक. डॉइल यांच्यापुढचा १९२६ चा पेच ऐंशी वर्षांनी जसाच्या तसा आपल्यापुढे उभा राहिला : लक्षणे सारखी, रोग निराळे. आता फरक चुकणे महाग होते, कारण राणीखेतच्या विषाणूने माणसाला सहसा फार तर डोळे येतात, बर्ड फ्लू मात्र माणसाचा जीव घेऊ शकतो.

तुमच्या घरी किंवा शेजारी साथ आली तर

इतिहासातून निघणारे व्यवहाराचे नियम थोडे आहेत, पण पक्के आहेत.

१. राणीखेतवर औषध नाही. प्रतिजैविके विषाणूला मारत नाहीत.

२. आजारी पक्षी लगेच वेगळे करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. रोगाचे नाव स्वतः ठरवू नका.

३. मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलू नका, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. चुना घालून खोल पुरा.

४. ‘मरण्याआधी विकून टाकू’ हा मोह टाळा. आठवडी बाजारात गेलेली एक आजारी कोंबडी अनेक गावांत रोग पोचवते. चपला, टोपल्या, दाण्याची पोती यांवरूनही तो जातो.

५. नवीन आणलेले पक्षी किमान दोन आठवडे वेगळे ठेवा.

६. लस निरोगी कळपाला, साथीच्या आधी द्या : पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ, चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटा पुन्हा, सहा-आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी. नेमके वेळापत्रक स्थानिक पशुवैद्यकाकडून घ्या.

चौथ्या नियमाबद्दल एक सांगतो. कोंबडी विकणाऱ्या बाईला दोष देणे सोपे आहे. पण तिच्याकडे ना भरपाई आहे ना वेळेवर लस. तिच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते, याचे प्रामाणिक उत्तर दिल्याशिवाय हा नियम कागदावरच राहील.

समारोप

राणीखेतचा इतिहास दाखवतो की रोग ओळखणे, लस शोधणे आणि लस पोचवणे ही तीन वेगळी कामे आहेत. पहिल्या दोघांना संशोधकांची नावे मिळाली. तिसरे काम शीतपेटी वाहणाऱ्याचे, बाटलीचा आकार ठरवणाऱ्याचे, पहाटे खुराड्याशी बसून पिल्लू हातात धरणाऱ्याचे आहे. त्याला नाव नाही आणि अजून ते पुरे झालेले नाही.

विचारासाठी प्रश्न

१. रोगाला गावाचे नाव देण्याचे फायदे-तोटे कोणते? राणीखेतच्या रहिवाशाच्या बाजूने लिहा.

२. तुमच्या गावात दहा-दहा कोंबड्यांची दहा घरे आहेत आणि शंभर मात्रांची एक बाटली आहे. दवाखान्यापासून शेवटच्या खुराड्यापर्यंत लस थंड राहील आणि वेळेत संपेल अशी योजना आखा.

३. घरातल्या किंवा ओळखीतल्या वयस्कर स्त्रीला विचारा : कोंबड्या एकदम मेल्याचे वर्ष तिला आठवते का आणि त्यानंतर घरात काय बदलले? उत्तर तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. ज्या साथींची नोंद अहवालांत नाही, त्यांचे साधन हेच.