रासायनिक नामे : उगम व अर्थ

रासायनिक पदार्थांच्या नावांतून नाव देणाऱ्यांच्या काळातील रसायनशास्त्रीय समजुती व्यक्त होतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ही नावे बहुधा पदार्थाचे स्वरूप, रंग वा उगम यांवरून पडत. उदा., अँटिमनी ट्रायक्लोराइड हा मऊ पदार्थ ‘अँटिमनीचे लोणी’, जस्ताचे ऑक्साइड ‘जस्ताची फुले’, तर सल्फ्यूरिक अम्ल ‘व्हिट्रिऑलचे तेल’ म्हणून ओळखले जाई. अशा नावांवरून पदार्थाच्या घटकांचा बोध होत नसे. शिवाय एकाच पदार्थास अनेक नावे असत.

गीताँ द मॉर्व्हो यांनी १७८२ मध्ये नामपद्धतीत सुधारणा सुचविली. त्यांनी लव्हॉयझर, बेर्तॉले व फूर्क्रवा यांच्यासह १७८७ मध्ये पॅरिस येथे या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. संयुगाच्या नावावरून त्याचे घटक कळावेत, हे नव्या पद्धतीचे मूलतत्त्व होते. त्यानुसार सल्फ्यूरिक अम्लाची लवणे सल्फेटे व कमी ऑक्सिजन असलेल्या सल्फ्यूरस अम्लाची लवणे सल्फाइटे ठरली.

तथापि नावात सिद्धांत गोवल्यास सिद्धांतातील चूकही नावात राहते. सर्व अम्लांत ऑक्सिजन असतो, असे लव्हॉयझर यांचे मत होते. म्हणून त्यांनी ‘अम्ल’ व ‘उत्पन्न करणारा’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्याचे नाव बनविले. ‘झाउअरस्टोफ’ (अम्लद्रव्य) या जर्मन नावातही हीच कल्पना आहे. परंतु ‘ऑक्सिम्युरिअॅटिक अम्ल’ म्हणविल्या जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन नसून तो मूलद्रव्य आहे, असे हंफ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये प्रतिपादिले. फिकट हिरवा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्यास क्लोरीन हे नाव दिले. मत बदलले तरी रंग बदलणार नव्हता. हायड्रोक्लोरिक अम्लातही ऑक्सिजन नसल्याने लव्हॉयझर यांचा सिद्धांत मागे पडला. ऑक्सिजन हे नाव मात्र टिकले.

नायट्रोजनास लव्हॉयझर यांच्या गटाने ‘आझोत’ (जीवनरहित) म्हटले. हा गुण इतर वायूंतही असल्याने शाप्ताल यांनी १७९० मध्ये सोऱ्याशी असलेल्या संबंधावरून नायट्रोजन हे नाव सुचविले. फ्रेंच भाषेत आझोत हे नाव अद्याप रूढ आहे. मराठीतील प्राणवायू हे नाव अम्लाशी नव्हे, तर श्वसनाशी निगडित असल्याने त्यात लव्हॉयझर यांची चूक उतरलेली नाही.