पवळाबाईला आम्ही कुठं बसवणार?

आम्ही कोल्हारचे. नगर-मनमाड रोडवर प्रवरेचा पूल ओलांडताना लागतं ते गाव. नाट्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असताना आम्हाला शिकवलं गेलं की मराठी संगीत रंगभूमी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात, किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'ने सुरू झाली. तारीख आम्ही पाठ केली, परीक्षेत लिहिली, मार्कही पडले.

त्यानंतर 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' पाहिलं. संभाजी भगत यांची संकल्पना आणि शाहिरी, राजकुमार तांगडे यांचं लेखन, नंदू माधव यांचं दिग्दर्शन, आणि रंगमंचावर जालन्याकडची शेतात राबणारी पोरं. शेवटच्या सवाल-जवाबात शिवाजी नेमका कुणाचा, यावर दोन बाजू गाण्यातून भिडतात. तिथं आम्ही खुर्चीत सरळ होऊन बसलो. वर्गात शिकलेलं नाट्यपद भाव खुलवायचं, वन्समोअर घ्यायचं. इथं गाणं पुरावा मागत होतं आणि समोरच्याला उत्तर द्यावंच लागत होतं. हे शाकुंतलातून आलेलं नाही, एवढं पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळत होतं.

मग आलं कुठून? सत्यशोधक जलशातून, आणि त्यानंतर आंबेडकरी जलशातून. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला. ढोलकी तमाशाचीच, पण गणात देवाऐवजी बाबासाहेब आले, गवळणीतली छेडछाड गेली, फार्समध्ये सावकार आणि भटजी आले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत चळवळ अशी पोचली. कर्डकांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तकही लिहून ठेवलं. पुस्तक आहे, पण आमच्या अभ्यासक्रमात ते नव्हतं. (१८५५ साली लिहिलेलं जोतीरावांचं 'तृतीय रत्न' होतं, तेही एका ओळीत.)

इथवर दोष दुसऱ्यांचा. आता आपल्याकडे बघू.

कोल्हारवरून वाहणारी हीच प्रवरा वरच्या अंगाला संगमनेर तालुक्यातून येते. त्या तालुक्यातलं हिवरगाव पावसा हे पवळाचं गाव. महार घरातली पोर, तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेल्या सुरुवातीच्या बायांपैकी एक. तिच्या गळ्यावर आणि पायांवर पठ्ठे बापूरावांचा फड गाजला. बापूराव म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी. या फडाच्या खेळाचे पैसे महाडच्या सत्याग्रहासाठी देऊ केले गेले, तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले. आपल्या लेकीबाळींना नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, अशी त्यांची भूमिका होती. ती बरोबर होती असंच आम्ही मानतो. तमाशा बाईला जातीसकट बाजारात उभी करत होता.

पण नाकारला तो पैसा. बाई कधी नाकारली? बाबासाहेबांच्या त्या भूमिकेचा आधार घेऊन आपण पवळाचं नावच टाकून दिलं. जलशात बाईची कामं बहुतेक पुरुषांनीच केली. त्या काळात त्याला कारण होतं. आज काय कारण आहे? बापूरावांना पठ्ठे म्हणून मान मिळाला, पुस्तकं निघाली. आणि पवळाला? त्यांच्या चरित्रातलं एक प्रकरण. ब्राह्मणी इतिहासाने जलसा वगळला म्हणून आम्ही ओरडतो आणि आमच्याच इतिहासातून आमचीच बाई गाळतो.

येत्या १४ एप्रिलला कोल्हारात जलसा करायचं ठरलंय. पोरी गाणार, पोरीच ढोलकी धरणार, यावर आता वाद उरलेला नाही. अडलंय ते गणापाशी. रमाई आणि सावित्रीमाईच्या ओळीनंतर पवळाचं नाव घ्यायचं, असं आम्ही बैठकीत मांडलं. दोन जुने कार्यकर्ते उठून गेले. एक आजी मात्र बसून राहिल्या आणि त्यांनी चाल कुठली लावणार ते विचारलं. रविवारी पुन्हा बैठक आहे.