घरची सुरा आणि घरचें सत्त्व

इंग्लंड-अमेरिकेंत घरच्या घरीं बिअर करण्याचा छंद आतां रूढ झालेला आहे. नवशिका प्रथम बाजारांतील माल्टचा तयार पाक आणून काम भागवितो. पुढें धीर आला म्हणजे मोड आणून वाळविलेलें धान्यच घेतो व सर्व कृति आरंभापासून स्वतः करतो. अशा पहिल्या खटाटोपाचें तिकडे मोठें अप्रूप असतें. आपल्याकडील वाचकास हा सारा प्रकार केवळ साहेबी वाटेल. परंतु ह्या विद्येचा अवघड भाग आपल्या आजीला ठाऊक होता, आणि उरलेला आपल्या प्राचीन ग्रंथांत नमूद आहे, हें दाखवावें व ही विद्या घरांतून कां गेली ह्याचा थोडा विचार करावा, एवढाच आमचा हेतु आहे.

ताडीत किंवा फळांच्या रसांत साखर आयती असते. रस उघडा राहिला कीं तो आपोआप आंबतो. धान्याचें तसें नाहीं. त्यांतील पिष्ट यीस्टला पचत नाहीं. मात्र दाण्याला मोड येऊं लागला म्हणजे त्यांत एक पाचक द्रव्य उत्पन्न होतें व तें पिष्टाची साखर करतें. १८३३ सालीं पायें व पर्सो ह्या फ्रेंच रसायनज्ञांनीं तें माल्टपासून वेगळें काढून त्यास डायास्टेज असें नांव दिलें. बिअर करणारा मोड आलेले जव वाळवून भरडतो व सुमारें ६५ ते ६८ अंश सेंटिग्रेड उष्ण पाण्यांत तासभर ठेवतो. पाणी फार तापलें तर डायास्टेज नष्ट होतें. निवालें तर काम रेंगाळतें. नंतर गोड झालेला रस गाळावयाचा, हॉप्सच्या कडवट फुलांसह उकळावयाचा आणि निववून त्यांत यीस्ट घालावयाचें. ह्या शेवटच्या क्रियेचें मर्म पाश्चरनें १८७६ सालच्या आपल्या बिअरविषयक ग्रंथांत विशद केलें.

आतां लोणावळ्यालगतच्या औंढे गांवासारख्या मावळांतील खेड्याकडे वळूं. खाचरांत भात आणि उतारावरच्या वरकस जमिनींत नाचणी-वरई, ही मावळची जुनी पीकपद्धति. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यांत बांधून, मोड आणून, सावलींत वाळवून दळली आणि पीठ वस्त्रगाळ केलें कीं सत्त्व तयार झालें. तान्ह्या मुलास व दुखणाइतास तें शिजवून देत. हें सत्त्व म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून माल्टच होय. त्याची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षां पातळ राहते व पचावयास हलकी पडते, ह्याचें कारण तेंच डायास्टेज. दुसरीकडे नाचणीचें पीठ रात्रभर आंबवून आंबील करीत. म्हणजे मोड आणणें आणि आंबविणें ह्या दोन्ही विद्या एकाच चुलीपाशीं नांदत होत्या. त्यांची सांगड मात्र पडली नाहीं. नाचणीची मूळ भूमि जी पूर्व आफ्रिका, तेथें युगांडांत ती पडली, आणि मोड आलेल्या नाचणीचें मद्य होऊं लागलें. नेपाळ-सिक्कीमकडील लोक तीच नाचणी शिजवून विरजणानें आंबवितात व तिचें तोंग्बा नांवाचें पेय करतात.

प्राचीन भारतांतहि ही सांगड पडलेली होती. सौत्रामणी ह्या वैदिक यागांत सुरेची आहुति असे; तिच्या सामग्रींत मोड आलेलीं धान्यें, लाह्या व नग्नहु नांवाचें किण्व सांगितलें आहे. कौटिल्याचें अर्थशास्त्र म्हैसूरचे शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत सुराध्यक्षावर स्वतंत्र प्रकरणच आहे. मेदक नांवाच्या मद्याचें प्रमाण तेथें असें दिलें आहे : एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व, म्हणजे पाणी सोळा भाग, तांदूळ दोन भाग आणि किण्व तीन भाग. किण्व करावयाचें तें उडीद, तांदूळ व औषधी मिळून. मद्याच्या धंद्यावर कौटिल्याची हुकमत कडक आहे. नेमून दिलेल्या जागेबाहेर मद्य करणारास, घेणारास व विकणारास तो सहाशें पण दंड सांगतो. तथापि गृहस्थानें घरच्या कार्यप्रसंगीं श्वेतसुरा करावी, औषधासाठीं अरिष्ट करावें, अशी मोकळीकहि तोच देतो. विक्रेता आणि गृहस्थ ह्यांतील भेद त्या कठोर राजनीतिज्ञानें ओळखला होता, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मग धान्याची सुरा आपल्या घरांतून कां गेली? एक कारण धर्मशास्त्राचें. मनुस्मृतीनें सुरा ही अन्नाचा मळ ठरविली व सुरापान महापातकांत गणलें. त्यामुळें वरच्या वर्णांच्या घरीं तिला थारा राहिला नाहीं. दुसरें कारण निसर्गाचें. कोंकणांत ताडमाड आणि रानांत मोहाचीं फुलें आयती साखर देत असतां, पोटाचें धान्य मद्यांत कोण घालील? तिसरें कारण राजसत्तेचें. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें मद्य करण्याचा अधिकार परवान्यांत बांधला. १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें जवळ बाळगण्यावरहि बंधन आलें. ह्या धोरणांत संयमाच्या उपदेशापेक्षां तिजोरीची चिंता अधिक होती. पुढें १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. त्यामागील हेतु निराळा व निःसंशय उदात्त होता. परंतु परवान्याचें सूत्र त्यानेंहि कायम ठेवलें.

इंग्लंडांतहि १८८० पासून घरीं बिअर करणारास परवाना लागत असे. १९६३ सालीं तो रद्द झाला. अमेरिकेनें घरगुती बिअरला १९७८ च्या कायद्यानें मोकळीक दिली. आपल्याकडे २००९ सालीं पुण्यांत डूलाली ही लहान मद्यशाळा निघाली व धान्यापासून ताजी बिअर तेथें होऊं लागली. म्हणजे व्यवसायास वाट मिळाली. स्वतःपुरती करणाऱ्या गृहस्थास मात्र कायद्यांत कौटिल्याइतकीहि सूट नाहीं.

आम्ही मद्याचा कैवार घेत नाहीं. दारूनें उद्ध्वस्त झालेले संसार मावळांतहि आहेत, आणि तेथील स्त्रियांचें दुःख कोणत्याहि इतिहासप्रेमानें हलकें होणार नाहीं. परंतु ते संसार मोडले ते विकतच्या दारूनें. घरच्या कार्याला एकदां केलेल्या श्वेतसुरेनें नव्हे. हा भेद कायद्यानें विसरावा काय, असा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

आणि सर्वच दोष कायद्यावर ढकलून चालणार नाहीं. नाचणीस मोड आणण्यास कोणत्याहि सरकारनें कधीं मनाई केली नव्हती. तरीहि सत्त्व आज दुकानांतून पुड्यांत बांधून येतें, आणि फडकें किती ओलें असावें, मोड किती वाढूं द्यावा, हें सांगणारीं माणसें घरोघरीं विरळ होत चाललीं आहेत. सुरा राजाज्ञेनें गेली. सत्त्व आपण आपल्या हातानें सोडलें.