सोनखत आणि चांद्याचे तलाव

मनुष्याच्या मैल्यापासून होणाऱ्या खताला मराठींत ‘सोनखत’ म्हणतात. जी वस्तु पाहून आपण नाक मुरडतों, तिला शेतकऱ्यानें सोन्याचें नांव द्यावें हें उगीच घडलेलें नाहीं. एका प्रौढ मनुष्याच्या मूत्रावाटे वर्षाला सुमारें ४ किलो नत्र जातें. स्फुरद व पालाशहि त्यासोबत जातात. शेतानें अन्नांत घातलेलें हें द्रव्य अखेर मोरीच्या पाण्यांत उतरतें. तें परत शेतांत न्यावें कसें, आणि न्यावें कोणीं, हे दोन्ही प्रश्न आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखाला जुनेच आहेत.

हा मुलूख धानाचा. रानांत तलाव बांधणाराला त्याखालची जमीन देण्याची गोंड राजांची रीत होती. ‘तुकूम’ हें नांव त्या रीतीची खूण होय. कोहळी लोकांनीं या विद्येंत विशेष नांव मिळविलें. पावसाचा लोंढा रानांतला पालापाचोळा, गुरांचें शेणमूत आणि गांवाचें सांडपाणी घेऊन तलावांत येई व तळाशीं बसे. उन्हाळ्यांत तलाव आटला कीं तो काळा गाळ गाड्यांनीं बांध्यांत पडे. तलाव पाण्याचा सांठा होता, तसाच खताचाहि. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गाळ काढण्याची गांवची वहिवाट हळूहळू मोडली. मालगुजारीसाठीं हळहळण्याचें कारण नाहीं, गाळासाठीं आहे. राज्यानें २०१७ सालीं काढलेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना मला त्या वहिवाटीचाच सरकारी अवतार वाटते.

परंतु गाळ कोणीहि उपसावा. मैला मात्र विशिष्ट जातींच्याच डोक्यावर लादलेला होता. सोनखताचे गुण सर्वांना ठाऊक होते, पण पाटी वाहणाराची विचारपूस कोणी करीत नसे. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं भंगीकाम मागितलें, तें सवर्ण कैद्याला देतां येत नाहीं म्हणून नाकारण्यांत आलें. त्यांनीं उपोषण आरंभिलें आणि येरवड्याहून गांधीजींनीं त्यांना साथ दिली. पुढें कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत त्यांनीं मैल्याचें खत होईल असे साधे संडास प्रचारांत आणले.

इकडे वरोऱ्यास त्या सुमाराचीच एक हकीगत आहे. मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, तेथें वकिली करीत व नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांनीं त्यांना आव्हान दिलें कीं, आमचें काम करून पाहा. बाबांनीं नऊ महिने मैल्याच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या. याच कामांत असतांना एका पावसाळी संध्याकाळीं कुष्ठानें जर्जर झालेला तुळशीराम त्यांना दिसला. तेथून पुढची कथा आपणांस विदितच आहे. पण त्या कथेंतील पाटीकडे आपलें लक्ष जात नाहीं. वरोऱ्याबाहेरच्या खडकाळ रानांत वसविलेल्या आनंदवनांत पुढें संडास थेट वायुसंयंत्राला जोडले गेले. वायु चुलीस जातो आणि मागें उरणाऱ्या मळींत नत्र व स्फुरद शिल्लक राहतात. येथें पाटीच उरत नाहीं, ही मला त्यांतील खरी गोष्ट वाटते.

शहरांनीं मात्र दुसरी वाट धरली. चंद्रपूरच्या परकोटांतील रामाळा तलावांत सांडपाणी उतरलें आणि जलपर्णीनें पाणी झांकून टाकलें. २०२१ सालीं तलावाच्या शुद्धीसाठीं तेथें उपोषण झालें. जलपर्णी माजते ती फुकट मिळालेल्या नत्र-स्फुरदावर. तलावाला तें विष, बांधीला तेंच खत.

आज या द्रव्यांची वसुली यंत्रांनीं होऊं शकते. सांडपाण्यांत मॅग्नेशियमचा क्षार मिसळून तें थोडें अल्कधर्मी केलें, तर अमोनिया व फॉस्फेट मिळून ‘स्ट्रुव्हाइट’ नांवाचे स्फटिक तळाशीं बसतात. हें खनिज हँबुर्ग येथें १८४५ सालीं ओळखलें गेलें. पुढें पुष्कळ काळ शुद्धीकरण केंद्रांच्या नळ्या तुंबविणारी कटकट एवढीच त्याची ख्याति होती. आपला देश आपल्या गरजेचा बहुतेक स्फुरद-दगड परदेशांतून आणतो. असे असतां ही कटकट जाणूनबुजून जमविण्यासारखी आहे. मनुष्याकरवीं मैला वाहून नेण्यास १९९३ व २०१३ च्या कायद्यांनीं बंदी केली आहे. यंत्रांतून निघणारे हे पांढरे दाणे पाण्यांत सावकाश विरघळतात, त्यांना दुर्गंधि नसते, आणि ते कोणालाहि मुठीनें बांधींत फेंकतां येतात.