नातवंडांच्या भेटीचा कागद

दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला, की वारणानगरच्या शिवारात मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या खोपी उभ्या राहतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेऊन ती पाच-सहा महिने गाव सोडते आणि शाळेत जाणारी पोरं अनेकदा मागे आजी-आजोबांकडे राहतात. तात्यासाहेब कोरे यांनी १९५०च्या दशकात इथल्या सहकारी कारखान्याची उभारणी सुरू केली. अशा कारखान्यांच्या जोरावर पश्चिम महाराष्ट्र बदलला, हे सगळेच सांगतात. त्या साखरेमागे गावाकडच्या म्हाताऱ्यांचाही सांभाळ आहे, हे मात्र क्वचितच कुणी बोलतं. पोराला ताप आला तर दवाखान्यात नेणारी आजीच असते, पण तिच्या या जबाबदारीचा कुठे कागद नसतो.

कागदाची गरज पूर्वी कुणाला वाटलीच नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी, उन्हाळ्याची सुट्टी आजोळी, एरवी एकाच चुलीवर तीन पिढ्या. दुधापेक्षा साय प्यारी, हे कोर्टाने सांगायची वेळच येत नसे. घर मोडलं, की मात्र हा आधार सुटतो. मुलगा अकाली जातो, सून लेकरांना घेऊन माहेरी जाते किंवा दुसरं लग्न करते, आणि आजी-आजोबांना नातवंडाचं तोंडही दिसेनासं होतं.

तेव्हा कायद्यात हाती काय लागतं? १८९०च्या पालक व पाल्य कायद्यानुसार कोणताही नातेवाईक पालक नेमण्यासाठी अर्ज करू शकतो, आणि मुलाचं हित हीच कसोटी असते. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील, मग आई यांना मानलं. त्या यादीत आजी-आजोबा नाहीत. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने तर सज्ञान नातवंडाकडूनही निर्वाहखर्च मागण्याची सोय केली. म्हणजे नातवाकडे पैसे मागता येतात, पण त्याला भेटण्याचं स्वतंत्र कलम कुठेच नाही. ही उणीव साधी नाही.

न्यायाधीशांनी ती आपल्या अधिकारात अधूनमधून भरून काढली. विदर्भातल्या एका प्रकरणात आई बाळंतपणात गेली आणि मूल जन्मापासून आईच्या वडिलांकडे वाढलं. बापाने दुसरं लग्न केलं आणि ताबा मागितला. वाद नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१० साली न्यायालयाने मुलाला बारा वर्षांचा होईपर्यंत आजोबांकडेच ठेवलं आणि भेटीची मुभा बापाला दिली. कोविडमध्ये आई-वडील दोघेही गमावलेल्या अहमदाबादच्या मुलाचा ताबा २०२२ मध्ये मावशीऐवजी वडिलांकडच्या आजी-आजोबांना मिळाला. त्यांचं वय आड येऊ दिलं नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका आजीला पाच वर्षांचा नातू आई-वडिलांच्या हवाली करायला सांगितलं. माया आहे म्हणून जन्मदात्यांच्या वरचा हक्क मिळत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. ते योग्यच आहे. पण ताबा वेगळा आणि भेट वेगळी.

फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने हा फरक १८५७ मध्येच ओळखला आणि आजी-आजोबांची भेट मान्य केली. आज तिथल्या नागरी संहितेत तो मुलाचाच हक्क आहे. आपल्याकडे विधी आयोगाने मे २०१५च्या २५७व्या अहवालात आजी-आजोबांसाठी वेगळा वेळ राखण्याचा विचार मांडला, पण त्याचा कायदा झाला नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसू लागलं, त्यामुळे वारणाकाठच्या म्हाताऱ्यांची मुंबईची फेरी वाचली. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर परस्पर संमतीने घटस्फोट घेणाऱ्यांनी आणि त्यांच्या वकिलांनी एवढं तरी करावं: तडजोडीच्या कागदात आजी-आजोबांच्या भेटीचे वार आणि सुट्टीचे दिवस स्पष्ट लिहून घ्यावेत.