देवाच्या जागी ‘ब्लू’

पंधराव्या शतकातला फ्रेंच सेनानी ला इर तोंडाचा भारी शिवराळ होता. उठता-बसता शपथा, आणि त्याही ‘मी देवाला नाकारतो’ अशा थाटाच्या. १४२९ मध्ये तो जोन ऑफ आर्कच्या बरोबरीने लढत होता. देवभोळ्या जोनला हे ऐकवेना. तिने तोड काढली : नाकारायचंच आहे ना, मग हातातल्या सोट्याला नाकार! जोनला जाळल्यानंतर पंचवीस वर्षांनी तिच्या खटल्याची फेरतपासणी झाली, तेव्हा एका धर्मगुरूने साक्ष दिली की तिच्यापुढे ला इर खरोखरच सोट्यावर भागवत असे.

दचकल्यावर, चिडल्यावर जीभ देवाकडे धावते आणि धर्म तर देवाचं नाव उगाच घेऊ नका म्हणतो. या पेचातून फ्रेंचांचे निम्मे जुने उद्गार जन्मले. पेच नुसता पापाचा नव्हता, कातडीचाही होता. तेराव्या शतकातल्या नवव्या लुई राजाने एका सोनाराला देवाची निंदा केल्याबद्दल शिडीवर उभं केलं आणि डुकराची आतडी नाकापर्यंत येतील इतकी त्याच्या गळ्यात घातली. हे सांगतो त्याचा चरित्रकार ज्वँव्हील. पॅरिसच्या एका नागरिकाचे ओठ डागल्याचंही तो लिहितो, पण ‘ऐकीव’ अशी प्रामाणिक पुस्ती जोडून.

मग लोकांनी शब्दच वाकवला. देव म्हणजे ‘द्यू’. त्याच्याशी यमक जुळणारा ‘ब्लू’ तिथे बसवला. अर्थ निळा, पण रंगाशी काडीचा संबंध नाही. ‘देवाची शपथ’चं झालं ‘पारब्लू’, ‘देवाच्या मृत्यूची’चं ‘मोर्ब्लू’, ‘देवाच्या रक्ताची’चं ‘पाल्सांब्लू’. ‘साक्रब्लू’ त्यांचाच भाऊबंद. सैतानालाही ही सवलत मिळाली. ‘द्याब्ल’ऐवजी ‘द्यांत्र’!

फ्रान्सच्या चौथ्या हेन्री राजाची गोष्ट तर सर्वांत गोड, दंतकथेचा वास असलेली. तोही ला इरसारखाच देवाला नाकारायचा. त्याचे कबुलीजबाब ऐकणारे जेझुइट पाद्री कोतों यांनी हरकत घेतली. देवानंतर तुमचंच नाव माझ्या तोंडी जास्त असतं, असं राजा म्हणाला. मग माझंच नाव नाकारा, असं पाद्रीबाबांनी सुचवलं. ‘जार्निकोतों’ हा उद्गार असा जन्मला म्हणतात.

१६६६ च्या जुलैमध्ये चौदाव्या लुईने निंदकांसाठी फर्मान काढलं. आधी चढता दंड, मग चव्हाट्यावर गळ्यात लोखंडी कडं, मग ओठ, शेवटी जीभ. त्याच वर्षी नाटककार मोलिएरच्या ‘मिझांथ्रोप’चा नायक पॅरिसच्या रंगमंचावर बिनदिक्कत ‘मोर्ब्लू’ म्हणत होता. मला यात या शब्दांचं खरं यश दिसतं : सगळ्यांना कळतं आणि कुणाला पकडता येत नाही.

क्रांतीनंतर १७९१ च्या दंडसंहितेतून देवनिंदेचा गुन्हाच गेला. भीती गेली, तशी ‘ब्लू’ची गरजही ओसरली. आज ‘साक्रब्लू’ म्हणतात ते इंग्रजी सिनेमांतले फ्रेंच. खरे फ्रेंच वेश्यावाचक ‘प्युतँ’ म्हणतात आणि पोरं जवळ असली की शब्द मध्येच वळवून ‘प्युनेझ’, म्हणजे ढेकूण, नाहीतर ‘प्युरे’, म्हणजे कुस्करलेला बटाटा. विष्ठावाचक ‘मेर्द’ तोंडात आला की ‘मेर्क्रदी’, म्हणजे बुधवार! आपल्याकडे ‘शिंदळीच्या’चं ‘शिंच्या’ होऊन आजोबांच्या तोंडी लाडाने रुळलं, त्यातलाच प्रकार.

जुना बाज जिवंत आहे तो कॅनडातल्या क्वेबेकमध्ये. तिथे चर्चचा वचक अगदी १९६० पर्यंत होता, म्हणून शिव्याही चर्चच्याच : वेदीवरची पवित्र पेटी, प्याला, प्रसादाची भाकर. ‘ताबारनाक’ ही त्यातली सर्वांत जहाल. तिचंही सौम्य रूप आहेच, ‘ताबारनुश’. माँट्रियलला कुणाच्या घरी जेवायला गेलात आणि सूप अंगावर सांडलं, तर यापुढे जाऊ नका.